लिहायला लागताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या माडीवर नव्याने लिहिणाऱ्यांचा कट्टा भरतो. त्याआधी बरीच वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी टपालाने येणारं साहित्य चाळायचं काम करत होते. म्हणजे आधी पाकिटं यायची, आता लोक येतात. प्रश्न मात्र फारसे बदललेले नाहीत. फोनवर, चिठ्ठीवर, जिन्यात गाठून जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे.

१. लिहावंसं खूप वाटतं, पण सुरुवात कशाने करू? कथा, कविता की लेख?

प्रकार नंतर ठरेल. गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही कुणाला तरी रंगवून सांगितलेली एक गोष्ट आठवा. गॅस सिलिंडरवाल्याशी झालेली हुज्जत असेल, लग्नात हरवलेली चप्पल असेल, काकांच्या ऑपरेशनच्या रात्री कॅन्टीनमध्ये भेटलेला माणूस असेल. जी गोष्ट तुम्ही दोघातिघांना सांगितलीत, तिच्यात काहीतरी आहे म्हणूनच सांगितलीत. ती एका पानात उतरवा. सुरुवात सुचत नसेल तर मधूनच सुरू करा. पहिला परिच्छेद नाहीतरी बहुतेकांना नंतर काढावाच लागतो. पहिला घावन तव्याला चिकटतोच, म्हणून कोणी पीठ ओतून देत नाही.

थेट कादंबरीला मात्र हात घालू नका. मला आलेल्या कितीतरी कादंबऱ्या तिसऱ्या प्रकरणापाशी थांबलेल्या होत्या, आणि त्या लिहिणाऱ्यांनी त्यानंतर काहीच लिहिलं नाही.

२. रोज लिहायलाच हवं का?

नाही. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, ठरलेल्या जागी. घरात माणसं असतील तर त्यांना ती वेळ सांगून ठेवा, नाहीतर त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुमच्याकडे येतं. 'मूड' आल्यावर लिहीन म्हणणाऱ्यांचा मूड सहसा दिवाळीच्या फराळानंतर येतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो.

३. वहीत लिहू की मोबाइलवर? मला मराठी टायपिंग धड जमत नाही.

हात ज्याला सरावला असेल त्यावर. वहीचा एक फायदा असा की खोडलेलं दिसत राहतं, आणि कधी कधी खोडलेलंच बरोबर होतं हे महिन्याने कळतं.

टायपिंग शिकायचंच असेल तर युनिकोडमध्ये शिका, म्हणजे मजकूर कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर तसाच दिसतो. इन्स्क्रिप्ट कळफलक आठ-दहा दिवस त्रास देतो आणि मग आयुष्यभर पुरतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारे कळफलक सोपे आहेत, पण त्यात 'दुसऱ्या', 'ॲप', 'ज्ञ' असल्या ठिकाणी अडायला होतं. काही छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात आणि त्यात रूपांतर करताना जोडाक्षरं मोडतात. म्हणून छापायला दिलेल्या मजकुराचं मुद्रित (प्रूफ) स्वतः वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये असते. तीही वापरा, पण जपून. 'वाईच', 'लय', 'कोनी' म्हटलं की ती आपल्या मनाने भलताच शब्द बसवते. तुमचं बोलणं ती परस्पर सुधारून टाकते, आणि आपल्याला नेमकं ते नको आहे (प्रश्न ५ आणि ६).

४. सगळे 'स्वतःचा आवाज' म्हणतात. म्हणजे नक्की काय?

माझ्यापुरतं उत्तर असं : तुमचं नाव झाकलं तरी तुमच्या बहिणीला जे ओळखू येईल, ते.

तो विषयात नसतो. आईवर कविता हजारो लोक लिहितात. तो जड शब्दांतही नसतो. मराठीत तो बहुतेक वेळा अगदी बारक्या जागी सापडतो. 'तो आला', 'तो आला म्हणे', 'आला एकदाचा', 'आला तो आलाच' ही चार वाक्यं घ्या. बातमी एकच आहे, पण सांगणारी माणसं चार आहेत. 'म्हणे'वाली स्वतः पाहिलेलं नाही ते स्वतःच्या अंगावर घेत नाही. 'एकदाचा'वालीने वाट पाहिलेली आहे. हे 'म्हणे', 'बरं का', 'आपलं', 'तर', 'की', 'च' काढून टाकले की मजकूर नीटनेटका होतो, आणि सांगणारा माणूस खोलीतून उठून जातो.

दुसरी जागा 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यातली. पुष्कळ भाषांना हा भेद नाही, आपल्याला आहे. 'आमच्या गावात पाणी नाही' म्हटलं की वाचणारा पाहुणा होतो. 'आपल्या गावात पाणी नाही' म्हटलं की त्याच्याही डोक्यावर हंडा येतो. एका पानात तुम्ही कुठे 'आम्ही' म्हणता, कुठे 'आपण' आणि कुठे नुसतं 'लोक', हे बघा. तुम्ही कुठे उभे आहात ते तुमच्या मतांपेक्षा या शब्दांवरून लवकर कळतं.

आवाज शोधावा लागतो हे म्हणणं मला फारसं पटत नाही. तो असतोच, फोनवर मैत्रिणीशी बोलताना तो व्यवस्थित चालू असतो. कागद पुढे आला की आपण घसा खाकरतो आणि वेगळंच कोणीतरी बोलायला लागतं. ते कोण, ते पुढच्या प्रश्नात.

५. माझं लिखाण शाळेच्या निबंधासारखं होतं. हे कसं जाईल?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातलं सगळं लांब लिखाण शाळेत केलं, तेही मार्कांसाठी. तिथे 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही', 'निसर्गाच्या कुशीत वसलेले टुमदार गाव' यांना मार्क मिळाले. हात ते विसरत नाही. तीस वर्षं बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आठवणी लिहायला बसला तरी पहिलं वाक्य नववीतलंच येतं.

कट्ट्यावर एकाने गावावर लिहून आणलं होतं :

'आमचे गाव निसर्गरम्य असून तेथील लोक अतिशय कष्टाळू व प्रेमळ आहेत. गावात एकोपा नांदतो.'

मी कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, मी कधी तुमच्या गावी आले नाही, मला सांगा. ते सांगायला लागले :

'गावाला एसटी दिवसातून दोनदा. सकाळची चुकली की संध्याकाळपर्यंत गाव आपलंच. माणसं म्हणाल तर चांगली आहेत, मयतीला सगळं गाव येतं. पण उसाला पाणी द्यायची पाळी आली की सख्खा भाऊ ओळख देत नाही.'

दुसऱ्या उताऱ्यात एकही अलंकार नाही आणि गाव दिसतं. 'एकोपा नांदतो' हे त्यांनी कागदावर लिहिलं होतं, तोंडाने मात्र ते बोलूच शकले नाहीत, कारण ते खरं नव्हतं. निबंधी भाषेचा हा खरा तोटा आहे. ती नुसती कंटाळवाणी असती तर चाललं असतं. ती आपल्याला न वाटलेलं लिहायला लावते.

उपाय एकच सांगते, मला दुसरा सापडलेला नाही. जे लिहायचं ते आधी एका ठरावीक माणसाला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. माणूस खरा हवा आणि ऐकताना 'मग?' विचारणारा हवा. मग ते ऐकत जसंच्या तसं उतरवून काढा. अडखळणं, मागे जाणं, 'काय ते, हां' हे सगळं घ्या. आता त्यातून फालतू तेवढं काढा. शोभेचं काही घालू नका. झाल्यावर मोठ्याने वाचा. वाचताना जिथे तुमचा सूर बातम्या देणाऱ्यासारखा होईल, तिथे निबंध परत शिरला आहे असं समजा.

या आठवड्यात तीनदा करा. चौथ्यांदा यंत्र न लावताही कानात ऐकू यायला लागतं.

६. मी घरी वऱ्हाडी बोलते. बोलीत लिहू की 'शुद्ध' मराठीत? लोक हसतील का?

(हाच प्रश्न मालवणी, अहिराणी, आगरी, कोल्हापुरी, झाडीबोली यांच्या नावाने येतो. गोव्यातून येतो तेव्हा 'घरी कोंकणी, लिहायचं मराठीत' असा येतो.)

हसणारे हसतील. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली माणसं १९६० साली वऱ्हाडीतच बोलली आणि ती कादंबरी अजून वाचली जाते. बहिणाबाईंची गाणी खानदेशच्या बोलीत आहेत. ती प्रमाण मराठीत करून बघा, दुसऱ्या ओळीला दम सुटतो. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांनी १९७० नंतर जी आत्मकथनं लिहिली, त्यांनी तर मराठी छापील भाषेत किती आणि काय मावतं याची हद्दच बदलून टाकली. त्यामुळे 'चालेल का' हा प्रश्न निकालात निघालेला आहे. 'कसं' हा उरतो.

तीन वाटा दिसतात. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही सर्वांत रुळलेली वाट. पण तिच्यात एक खड्डा आहे : निवेदन करणारा शहाणा आणि पात्रं गावंढळ, असा भास होतो. तुम्ही त्याच गावच्या असाल तर हा भास तुमच्यावरच उलटतो. दुसरी वाट सगळंच बोलीत लिहिण्याची. ताकद मोठी, पण वाचणाऱ्याला पहिली दहा पानं धीर धरावा लागतो, म्हणून ती दहा पानं सोपी ठेवा. तिसरी मला स्वतःला आवडते : वाक्याची ठेवण आणि सूर बोलीचा, क्रियापदं बरीचशी प्रमाण, आणि ज्या वस्तूला घरात जे नाव आहे तेच नाव. शब्द अवघड वाटला तर कंसात अर्थ देऊ नका. त्या वस्तूने काहीतरी काम करून घ्या, अर्थ आपोआप कळतो.

एक चूक मात्र टाळा. बोली म्हणजे केवळ 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'य' नव्हे. दूरदर्शन मालिकांतली खेडूत भाषा अशीच बनवलेली असते, ती कुठल्याच गावात कोणी बोलत नाही. तुमच्या आजीला वाचून दाखवा. ती मध्येच 'असं न्हाई म्हनत बाई आपन' म्हणाली तर ती तुमची संपादक.

७. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आधी ते सुधारू का?

आधी लिहा. लिहिताना ऱ्हस्वदीर्घाकडे बघितलंत तर गोष्ट निसटते.

नंतर मात्र दुर्लक्ष नको. आज चालणारे लेखनाचे नियम १९६२ सालचे आहेत, पुढे १९७२ मध्ये त्यात भर पडली. त्यातले थोडेच रोज लागतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, बुद्धी, वस्तू. अपवाद 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' यांसारखे मोजके. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असलेल्या मराठी शब्दाला प्रत्यय लागला की ते बहुधा ऱ्हस्व होतं : फूल, पण फुलाला, गरीब, पण गरिबाला. एवढ्याने निम्म्या चुका जातात.

'केले' की 'केलं' याचं भय अनेकांना असतं. नियम सांगतात की पात्राच्या तोंडचं बोलणं अनुस्वार देऊन लिहावं आणि एरवी एकारान्त. आता मासिकं-पुस्तकं दोन्ही सर्रास छापतात. तुम्ही एक धरा आणि त्या लेखापुरतं शेवटपर्यंत धरून ठेवा. एकाच वाक्यात 'केले' आणि 'सांगितलं' आलं की वाचणाऱ्याला ठेच लागते.

८. इंग्रजी माध्यमात शिकलो, मराठी शब्द सुचत नाहीत. इंग्रजी शब्द घातले तर चालेल?

तुम्ही लिफ्टला 'उद्वाहक' म्हणत नसाल तर लिहू नका. टेबल, स्टेशन, फॉर्म, डॉक्टर हे मराठीच झाले आहेत. माझा आक्षेप नामांना नाही, वाक्यांना आहे. 'मी निर्णय घेतला की मी जाणार' यातले सगळे शब्द मराठी आहेत, वाक्य मात्र मराठी नाही. 'जायचं ठरवलं' एवढंच आपण म्हणतो. तेव्हा शब्दकोशापेक्षा कान कामाचा. रोज दहा मिनिटं कुणाचं तरी अस्सल मराठी बोलणं ऐका : भाजीवाली, कीर्तनकार, सरपंच, आत्या. परदेशात असाल आणि आजूबाजूला कोणी नसेल तर आईला फोन करा आणि स्वतः कमी बोला.

९. आवडत्या लेखकासारखंच लिहिलं जातं. काय करू?

काही दिवस लिहू द्या. नक्कल हे शिकण्याचं जुनं साधन आहे. गाणाऱ्याला गुरूच्या गळ्यातून जावंच लागतं. फक्त एकाचीच करू नका. एकाची नक्कल लगेच ओळखू येते, पाच जणांची एकात एक मिसळली की ओळख पटेनाशी होते. विनोदी लिहिणाऱ्यांना विशेष सूचना : चाळ, एसटी, पानवाला आणि विसरभोळे प्राध्यापक यांना आता विश्रांती द्या. तुमच्या आसपास सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याला अजून कोणी पुरता हात घातलेला नाही.

१०. वय झालं, शिक्षणही फार नाही. आता काय लिहिणार?

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. अक्षरओळख लग्नानंतर झाली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला तो १९३४ मध्ये, साठी उलटून गेल्यावर. त्यात घरगुती बोलण्याचा जो ठसका आहे, तो पदवीधारकांना आजही साधत नाही. कदाचित शाळेचे निबंध लिहावे लागले नाहीत म्हणूनच (प्रश्न ५).

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायच्या रद्दीत येईल ते त्या वाचत. स्वतः लिहिलेलं त्यांनी वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, पुस्तक १९८६ मध्ये.

आणि उलट टोक हवं असेल तर मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिने जे रोखठोक विचारलं, ते आजही वाचताना अंगावर येतं. निबंध हा प्रकार वाईट नाही, हे मला तिच्यामुळे कबूल करावं लागतं. तिच्या निबंधात खोटं वाक्य नाही, एवढाच फरक.

११. आईला लिहिता येत नाही, पण सांगते फार सुंदर. ते लिहून काढलं तर ते लिखाण तिचं की माझं?

शब्द तिचे असतील तर तिचं. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या जात्यावर, शेतात रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी टिपून ठेवलं म्हणून उरलं. बाई १९५१ मध्ये गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. कवयित्री म्हणून नाव त्यांचंच आहे, लिहून घेणाऱ्यांचं नाही. अभिनेत्री हंसा वाडकरांनी आपली कहाणी सांगितली आणि अरुण साधूंनी ती शब्दांत उतरवली. त्यातला बोलण्याचा ओघ शाबूत राहिला, कारण उतरवून घेणारा मध्ये आला नाही.

तेव्हा आईचं 'मंग' 'मग' करू नका. ती एकच गोष्ट तीनदा सांगत असेल तर तिन्ही वेळचं ठेवा. तिसऱ्या वेळी बहुधा ती आधी गाळलेलं सांगते. पुस्तकावर तिचं नाव आणि 'शब्दांकन' म्हणून तुमचं.

१२. माझं लिखाण आधी कुणाला दाखवू?

नवऱ्याला किंवा बायकोला नको. ते एकतर 'छान' म्हणतात किंवा 'यात माझी आई अशी का दाखवलीस' म्हणतात. ज्याला वाचायची आवड आहे पण तुमच्याशी रोजचा व्यवहार नाही अशा एकाला द्या. 'कसं वाटलं' विचारू नका. 'कुठे कंटाळा आला' विचारा, आणि जागेवर खूण करायला सांगा. तो सुचवेल तो उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, खूण मात्र बरोबर जागी असते.

१३. घरातल्या खऱ्या गोष्टी लिहिल्या तर नाती तुटतील. नावं बदलली की पुरतं का?

लिहायला काहीच हरकत नाही. छापणं हा वेगळा निर्णय, तो वर्षभराने घ्या.

नुसती नावं बदलून भागत नाही. गावात एकच तिळं असलेलं घर असेल तर नाव काहीही ठेवा, सगळे ओळखतात. ओळखीची खूण बदला : धंदा, गाव, भावंडांची संख्या. कायद्याचं एवढं माहीत असू द्या की 'जे लिहिलं ते खरं आहे' हा फौजदारी बदनामीत पूर्ण बचाव नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. माणूस वारलेला असला तरी, नातलगांना दुखवायच्या हेतूने त्याची नाचक्की केली असेल तर प्रकरण होऊ शकतं. खरंच नाजूक असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

कायद्यापलीकडची माझी कसोटी अशी आहे : त्या पानावर सगळ्यांत वाईट कोण दिसतंय? दर पानावर दुसरेच वाईट दिसत असतील तर अजून लिहून झालेलं नाही. तुम्ही स्वतः त्यात यायचे आहात.

१४. टोपणनाव घ्यावं का?

कारण असेल तर घ्यावं. कारणं तीन प्रकारची दिसतात.

आडोसा हे पहिलं. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये 'विभावरी शिरूरकर' या नावाने अविवाहित, शिकलेल्या स्त्रियांची घुसमट कथांतून मांडली तेव्हा केवढा गदारोळ झाला. ही बाई कोण म्हणून शोध सुरू झाला. नाव उघड असतं तर तिला ते लिहिता आलं असतं का, शंकाच आहे. दुसरं कारण मायेचं : शिरवाडकरांना कुसुम नावाची धाकटी बहीण होती, तिचा अग्रज तो 'कुसुमाग्रज'. तिसरं मला सर्वांत मजेचं वाटतं. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून लिहीत. एका माणसाचे तीन आवाज आणि तिघांना तीन नावं. नाव बदललं की लिहिताना बसण्याची ढबही बदलते.

हल्लीची 'शब्दवेडी', 'मनमोकळी' छापाची नावं मात्र नकोत. ती सगळी एकाच घरातल्या सख्ख्या जावा वाटतात.

१५. दिवाळी अंकाला कधी आणि कसं पाठवावं? उत्तरच येत नाही.

१९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवं नाव पहिल्यांदा छापून येण्याची ती जागा आहे. लोक पाठवतात मात्र नवरात्रात. तोवर अंक छपाईला गेलेला असतो. मे-जूनमध्ये पाठवा. गणपती बसायच्या आत बहुतेकांची पानं ठरलेली असतात.

आधी त्या अंकाचे मागचे दोन अंक वाचा. विनोदी अंकाला शोकांतिका पाठवणारे दरवर्षी असत. सोबतचं पत्र चार ओळींचं. 'लहानपणापासून साहित्याची आवड' हे वाक्य वगळा. एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका. पाठवलाच तर एकीकडे होकार मिळाल्याच्या दिवशी बाकीच्यांना कळवा.

उत्तर का येत नाही? कारण शंभर-दीडशे पाकिटांना एक माणूस असतो. मी तो माणूस होते. नकाराचं पत्र लिहायचं राहून गेलेल्या सगळ्यांची मी देणेकरी आहे. पण न आलेल्या उत्तराचा अर्थ 'वाईट' असा नसतो. कित्येकदा 'चांगलं आहे, पण यंदा आजोबांवरचे तीन लेख झाले' एवढाच असतो.

१६. माझी कविता लोक नाव काढून फिरवतात. आता काय?

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडचा कायदा १९५७ चा. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्कही कायद्याने दिलेला आहे. व्यवहारात, फिरणाऱ्या कवितेमागे धावण्यात अर्थ नसतो. तारीख दिसेल अशी मूळ प्रत जपून ठेवा : स्वतःला पाठवलेला ईमेल, छापील अंक. कोणी पुस्तकात किंवा कार्यक्रमात वापरली तर तिचा उपयोग होतो.

तुमची कविता एखाद्या दिवंगत थोर कवीच्या नावाने फिरायला लागली तर रागवावं की पेढे वाटावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१७. प्रकाशक पुस्तकासाठी माझ्याकडेच पैसे मागतो. द्यावेत का?

तो गुन्हा नाही, पण मग तो प्रकाशक नसून छपाईची सेवा देणारा झाला, हे डोक्यात स्पष्ट ठेवा. लेखी विचारा : प्रती किती, संपादन कोण करणार, दुकानांत पोचवणार कोण, न विकलेल्या प्रती कोणाच्या घरी. शेवटचं उत्तर 'तुमच्या' असेल तर पलंगाखालची जागा मोजून घ्या.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी आधी करा. स्वतःच काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) भारतात मोफत मिळतो. त्याचे पैसे लावणाऱ्याला तसं सांगा.

१८. एआयकडून लिहून घेतलं आणि थोडं बदललं तर?

मुद्रितशोधनाला, संदर्भ विचारायला वापरा, तेही तपासून. पण प्रश्न ५ मधला पहिला उतारा आठवा. यंत्राला 'माझ्या गावावर लिही' म्हटलं की ते तोच उतारा देतं, जरा गुळगुळीत करून. उसाच्या पाण्यावरून ओळख न देणारा भाऊ त्याला ठाऊक नसतो.

१९. माझ्या कथेतली सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतात.

आवाज सापडल्यानंतरचं हे दुखणं, म्हणजे प्रगती आहे. प्रत्येक पात्राला एक गोष्ट द्या जी ते कधीच म्हणत नाही. सासरे कधी 'धन्यवाद' म्हणत नाहीत. मुलगी कधी पूर्ण वाक्य बोलत नाही. कोण कुणाला अरे-तुरे करतं, कोण 'अहो' म्हणतं, आणि कुठल्या प्रसंगी ते बदलतं, याचा तक्ता करा. जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई एका वाक्यात 'अरे' म्हणाली तर वेगळं भांडण लिहायची गरज उरत नाही.

२०. आमच्या घरी पुस्तकी प्रमाण मराठीच बोलतात. मग माझा आवाज कुठला?

पुण्याहून हा प्रश्न येतो आणि विचारणारे जरा खट्टू असतात, जणू बोली नसणं हे अपंगत्व. प्रमाण मराठी बोलणाऱ्या दोन घरांत एकसारखं बोललं जात नाही. एका घरात रागावल्यावर आवाज चढतो, दुसऱ्यात 'आपण' सुरू होतं. एका घरात पाहुण्यांसमोर बोलायच्या आणि न बोलायच्या गोष्टींना सांकेतिक शब्द असतात. तुमच्या घरातले असे वीस शब्द लिहून काढा, जे बाहेरच्याला समजावून सांगावे लागतील. उसनी बोली मात्र आणू नका, ती पहिल्याच पानावर उघडी पडते.

२१. आई गेल्यावर कपाटात तिच्या वह्या सापडल्या. शुद्धलेखन सुधारून छापू का?

थांबा. आधी प्रत्येक पानाचा नीट उजेडात फोटो काढा, मागच्या कोऱ्या पानांसकट. हिशोब, पाककृती आणि कविता एकाच वहीत असतील तर वेगळं करू नका. कुठल्या हिशोबाखाली कुठली कविता आहे हाही मजकूर आहे. मग जसंच्या तसं टाइप करा, चुकांसह. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंस ठेवा, अंदाज भरू नका. छापताना ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे का, हे सगळं टाइप झाल्यावर ठरवा. शब्द आणि वाक्यं बदलू नका (प्रश्न ११).

हक्क वारसांचे असतात, म्हणजे एकट्या तुमचे नसतीलही. भावंडांची लेखी संमती घ्या. कोणी 'हे छापायचं नाही' म्हणालं तर प्रश्न १३ मधलं वर्ष इथेही लागू. तोवर वह्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमट हवेत बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. आणि पेन्सिलीने लिहिलेली पानं असतील तर फोटोंची सुरुवात त्यांच्यापासून करा.